ओढ्यावरची सोबत



दर तीन वर्षांनी पुनरुत्थानकाळातल्या तिसऱ्या रविवारी आपण योहानलिखित शुभवर्तमानातला तिबिर्य समुद्राकाठचा प्रसंग ऐकतो. सात शिष्य एकत्र आहेत. पेत्र मासेमारीला जायचे ठरवतो आणि उरलेले सहा जण त्याच्याबरोबर नावेत चढतात. या प्रसंगावर प्रवचन करताना आम्ही धर्मगुरू बहुधा धावतपळत पहाटेपर्यंत पोहोचतो, कारण जाळ्यातले एकशे त्रेपन्न मासे आणि प्रभूने पेत्राला विचारलेले तीन प्रश्न तिथे आमची वाट पाहत असतात. आज थोडे त्या रात्रीकडे पाहू या.

पेत्राची अवस्था काय होती? प्रमुख याजकाच्या अंगणात, कोळशाच्या शेकोटीपाशी उभे राहून त्याने आपल्या गुरूला तीनदा नाकारले होते. प्रभू पुन्हा उठला होता, शिष्यांना भेटलाही होता, पण शुभवर्तमानात त्या शेकोटीविषयी अजून कोणी अवाक्षर काढलेले नाही. मनावर असे ओझे असलेला माणूस फारसा बोलत नाही. तो उठतो आणि हाताला सवयीचे असलेले काम करायला जातो. त्या सहा जणांच्या जागी आपण असतो तर? आपण त्याला समजावले असते. प्रभूने तुला माणसे धरणारा केले, मग पुन्हा जाळ्याकडे कशाला वळतोस, असे सुनावले असते. एखाद्याने तर शेकोटीचाही विषय काढला असता. ते सहा जण यातले काही करत नाहीत. ते नुसते त्याच्याबरोबर जातात, रात्रभर जाळे टाकतात, आणि रात्रभर त्यांना काहीही मिळत नाही.

अशी सोबत मासेमारीच्या आणखी एका प्रकारात पाहायला मिळते, म्हणून त्याविषयी थोडे सविस्तर सांगतो. आपल्या किनाऱ्यावरच्या माणसांना मासेमारी शिकवण्याचे धाडस मी करणार नाही. डोल जाळे कुठे लावायचे हे तांडेलाला विचारावे, फादरला नाही. पण डोंगरातल्या थंड, उथळ, दगडांवरून खळाळणाऱ्या ओढ्यांत ट्राउट नावाचा ठिपकेदार मासा राहतो, त्याला धरण्याची रीत आपल्या रीतीहून अगदी निराळी आहे. तिला ‘फ्लाय फिशिंग’ म्हणतात. फ्लाय म्हणजे माशी. गरीवर खरे आमिष नसते. पिसे, लोकर आणि दोरा गुंडाळून तिला एखाद्या किड्याचे रूप दिलेले असते. ही बनावट माशी इतकी हलकी की ती एकटी फेकली तर चार हातसुद्धा जायची नाही. म्हणून वजन दोरीत ठेवतात. काठी मागे न्यायची, दोरी पाठीमागे पूर्ण उलगडेपर्यंत क्षणभर थांबायचे, आणि मग पुढे टाकायची. नवशिक्याला हे थांबणेच जमत नाही म्हणतात. जोर लावला की दोरीचा गुंता होतो.

ट्राउट प्रवाहाच्या दिशेने तोंड करून एका जागी तरंगत राहतो, कारण अन्न त्याच्याकडे वाहत येते. त्यातले एक अन्न म्हणजे मेफ्लाय नावाचा किडा. तो साधारण वर्षभर पाण्याखाली काढतो, आणि पंख फुटले की जेमतेम एखाद-दोन दिवस जगतो. त्या दिवसांत त्याला खाण्यासाठी कामाचे तोंडही नसते. माणसाची सावली पाण्यावर पडली की मासा दगडाखाली दडतो. म्हणून माशाच्या मागून, प्रवाहाच्या उलट दिशेने, हळूहळू चालत जावे लागते. मित्र मिळून जातात, पण ओढ्यावर घोळका करून चालत नाही. एक जण एका डोहाशी थांबतो, दुसरा वळसा घालून वरच्या डोहाकडे जातो. कधी एक जण काठी धरतो आणि दुसरा काठावर बसून मासा कुठे आहे ते हलक्या आवाजात सांगतो. नंतर पाळी बदलते. पाण्याला ओढ असेल तर एकमेकांचा हात धरून ओढा ओलांडतात. धरलेला मासा बरेच जण परत सोडतात. त्यासाठी गरीला उलटा काटा ठेवत नाहीत आणि हात आधी ओला करतात, कारण कोरड्या हाताने माशाच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि त्याला रोग जडू शकतो. सोडायचाच असेल तर धरायचा कशाला, हा प्रश्न आपल्या मनात येईलच. पोटासाठी समुद्रावर जाणाऱ्याला तो पडलाच पाहिजे. पण त्या लोकांना विचारले तर मासे किती मिळाले यापेक्षा बरोबर कोण होते हेच ते अधिक सांगतात.

या कलेचे सर्वांत जुने ठाऊक असलेले वर्णन एलियन या रोमन लेखकाचे, सुमारे इ. स. २०० मधले आहे. मासेदोनियातले लोक गरीला लाल लोकर आणि कोंबड्याची पिसे बांधून ठिपकेदार मासे धरतात, असे तो लिहितो. आणि ती नदी कुठली? बिरुया आणि थेस्सलनीका या दोन नगरांच्या मधून वाहणारी! संत पौलाने जिथे शुभवर्तमान सांगितले तीच ही दोन नगरे. त्याने वाटेत असा एखादा मासेमार पाहिला असेल का, कोण जाणे.

पुढे इंग्लंडमध्ये १४९६ साली या विषयावर एक छोटा ग्रंथ छापला गेला. तो एका मठाधिपती भगिनीने लिहिला अशी जुनी समजूत आहे, पण इतिहासकारांना तसा पुरावा मिळालेला नाही. त्यात हव्यासाने फार मासे धरू नका, कुणाच्या कुंपणाची मोडतोड करू नका, असे सांगितले आहे. शिवाय फार माणसे बरोबर नेऊ नका, म्हणजे प्रार्थना करता येईल, असाही सल्ला आहे. सल्ला चांगलाच आहे. पण एकांत ज्याने निवडला त्याचा एकांत वेगळा, आणि ज्याच्यावर तो येऊन पडला त्याचा वेगळा.

आयझॅक वॉल्टन या माणसाला हे ठाऊक असावे. १५९३ साली जन्मलेले हे लंडनचे कापड-व्यापारी, श्रद्धेने अँग्लिकन. पहिल्या पत्नीपासून झालेली सातही मुले लहानपणीच देवाघरी गेली, मग तीही गेली. देशात यादवी युद्ध पेटले. युद्धानंतर १६५३ साली त्यांनी गळाने मासे धरण्यावर पुस्तक लिहिले. ते आजही छापले जाते. त्यांचा एक मित्र होता चार्ल्स कॉटन, सदतीस वर्षांनी लहान. स्वभावाने दोघांत काही मेळ नव्हता. वॉल्टन संतप्रवृत्तीच्या माणसांची चरित्रे लिहिणारे, तर कॉटन उधळ्या, थट्टेखोर आणि जन्मभर कर्जात बुडालेला. देणेकऱ्यांना चुकवण्यासाठी तो जवळच्या गुहेत लपत असे, अशी दंतकथा तिकडे सांगतात. अशा माणसाबरोबर आपल्या मुलाने फिरू नये म्हणून आपण केवढी काळजी घेतो! वॉल्टन मात्र डव्ह नदीच्या काठी त्याच्याकडे मासे धरायला जात. कॉटन त्यांना वडील म्हणत असे. १६७४ साली त्याने नदीकाठी मासेमारीसाठी एक छोटेसे दगडी घर बांधले आणि दारावर दोघांच्या नावांची आद्याक्षरे एकमेकांत गुंफून कोरली. ते घर अजून उभे आहे. मला विशेष वाटते ते पुढचेच. नितळ पाण्यात बनावट माशीने ट्राउट धरण्याची कला वॉल्टनपेक्षा कॉटनला अधिक अवगत होती. तेव्हा १६७६ साली, वयाची ऐंशी उलटल्यावर, वॉल्टननी आपल्या गाजलेल्या पुस्तकाला कॉटनचा स्वतंत्र भाग जोडू दिला. उपदेश करून कॉटन सुधारला की नाही, याची नोंद कुठे नाही. वॉल्टन १६८३ मध्ये वारले. विंचेस्टरच्या कॅथेड्रलमध्ये त्यांची कबर आहे आणि तिथल्या एका रंगीत काचेच्या खिडकीत ते नदीकाठी बसलेले दिसतात. खिडकीवरचा बोध संत पौलाच्या थेस्सलनीकाकरांस लिहिलेल्या पत्रातला आहे: शांतपणे जगण्याची खटपट करावी असा.

आता अलीकडची गोष्ट. १९९६ साली अमेरिकेच्या व्हर्मॉंट राज्यात मँचेस्टर या डोंगराळ गावी ‘कास्टिंग फॉर रिकव्हरी’ नावाची संस्था सुरू झाली. स्तनाच्या कर्करोगातून जाणाऱ्या स्त्रियांना ती फ्लाय फिशिंग शिकवते. कुणालाही प्रश्न पडेल, कर्करोगाचा आणि माशांचा काय संबंध? शस्त्रक्रियेत काखेतल्या गाठी काढल्या तर हात सुजू शकतो, खांदा आखडू शकतो, आणि डॉक्टर हाताला हलका व्यायाम सांगतात. काठी मागे नेऊन, थांबून, पुढे आणण्याची हालचाल त्या व्यायामासारखीच आहे. एका शिबिराला चौदापर्यंत स्त्रिया असतात, मुक्काम अडीच दिवसांचा, पैसे घेत नाहीत. वैद्यकीय आणि मानसिक आधार देणारी माणसे बरोबर असतात. शेवटच्या दिवशी प्रत्येक स्त्री पाण्यावर जाते तेव्हा तिच्याबरोबर तिचा स्वतःचा एक मदतनीस असतो. पाय घसरला तर धरायला तो शेजारी उभा असतो. मासा लागला तर तो परत सोडतात. युद्धात जखमी झालेल्या सैनिकांसाठीही तिकडे २००५ पासून असाच एक उपक्रम चालतो.

शेजारी उभा राहतो, हा शब्द मी मुद्दाम वापरला. आपल्याकडे कुणाच्या घरी आजार शिरला की आपण जातो, ही आपल्या गावांची फार चांगली चाल आहे. पण आपण समोर बसतो. ओळीने खुर्च्या मांडल्या जातात आणि चौकशी सुरू होते. रिपोर्ट काय आला, कुठला डॉक्टर, किती खर्च, केस कधीपासून गळायला लागले. मग कुणीतरी आपल्या ओळखीतल्या दुसऱ्या रुग्णाची हकिगत सांगते, आणि ती बहुधा मृत्यूने संपते. सरबत घेऊन मंडळी निघून जातात. ती माउली आधीपेक्षा एकटी होते. पुढच्या खेपेला ‘झोपली आहे’ असा निरोप दाराशी मिळतो. चर्चला येणेही ती टाळते, कारण तिथे डोक्यावरच्या रुमालाकडे पन्नास डोळे लागतात. नोकरी गेलेल्या बापाचे आणि दारू सोडायला धडपडणाऱ्या तरुणाचेही असेच. प्रायश्चित्ताचा संस्कार घेऊन तो उठतो, पण मोकळे झाल्यावर संध्याकाळी जायचे कुठे, तर त्याच जुन्या सोबत्यांकडे. कारण नवे सोबती त्याला उपदेश देतात, जुने निदान बसायला जागा देतात. हे मी रागाने लिहीत नाही, पण हे खरे आहे.

प्रभू येशू काय करतो ते पाहा. पहाटे किनाऱ्यावर तोही कोळशाची शेकोटी पेटवतो. योहानाच्या शुभवर्तमानात ही शेकोटी दोनच ठिकाणी येते: जिथे पेत्राने नाकारले तिथे, आणि इथे. तिच्यावर मासे भाजत ठेवलेले आहेत, भाकरही आहे. तरी शिष्यांनी धरलेल्यातले काही मासे तो मागून घेतो. तो पेत्राला लगेच बाजूला घेऊन विचारपूस करत नाही. आधी सगळ्यांना न्याहारी वाढतो. रात्रभर गारठलेला, पाण्यात उडी टाकून भिजलेला पेत्र इतर सहा जणांबरोबर जेवतो. विचारायचे ते प्रभू त्यानंतर विचारतो, आणि ‘तू तसे का केलेस’ हा प्रश्न त्या तिन्हींत नाही.

त्या सात जणांपैकी दोघांची नावे योहान देत नाही. ते कोण यावर पंडितांनी तर्क केले आहेत, ते आपण त्यांच्यावरच सोडू. नाव नसलेले हे दोघेही रात्रभर त्याच नावेत होते.

आपल्याकडे डोंगरातला ओढा नाही आणि ट्राउटही नाही. तो पाहायचा तर काश्मीरला किंवा हिमाचलला जायला हवे, तिकडे सरकारी परवाना काढून तो धरता येतो. पण आपल्याकडे वाडीतली विहीर आहे, किनाऱ्यावरची संध्याकाळ आहे, भाजी निवडायला बसण्याचा ओटा आहे. आजारी बाईला ‘कशी आहेस’ विचारण्याऐवजी तिच्या ओट्यावर बसून तिच्याबरोबर वाल सोलता येतात. तिला बोलावेसे वाटले तर ती बोलेल. त्या तरुणाला संध्याकाळी सात वाजता हाक मारून गळ टाकायला खाडीवर नेता येते. मासा लागेलच असे नाही. हे काम फादरपेक्षा शेजाऱ्याला अधिक चांगले जमते.

महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी आजाऱ्यांना घरी ख्रिस्तप्रसाद नेला जातो, तो नेहमीप्रमाणे नेला जाईलच. परंतु त्यांच्यापैकी काही जणांना चर्चमध्ये यायची इच्छा आहे आणि आणायला कोणी नाही. ज्यांच्याकडे गाडी किंवा रिक्षा आहे त्यांनी आपापल्या आळीच्या प्रमुखाला सांगून ठेवावे. आणताना कार्यालयाच्या बाजूच्या दाराने आणावे, तिथे पायऱ्या नाहीत. मिस्सा संपल्यावर घरी पोहोचवायची घाई करू नये, त्यांना थोडा वेळ बाहेरच्या बाकावर बसू द्यावे आणि आपणही शेजारी बसावे.