भाषांतर, फेरफार आणि चूक

महसुली कामात आयुष्य गेलेल्या आम्हांस ‘भाषांतर’ आणि ‘म्युटेशन’ हे दोन्ही शब्द जीवशास्त्रात एकत्र भेटले, तेव्हा प्रथम गंमत वाटली. गोव्यातील वाचकांस जमिनीचे म्युटेशन, म्हणजे फेरफार, नव्याने सांगावयास नको. जिवाणूच्या पेशीत डीएनए हा मूळ दस्त, आरएनए ही त्याची नक्कल आणि त्या नकलेचे प्रथिनांच्या भाषेत भाषांतर करणारा कारकून म्हणजे रायबोसोम. पेशी दुभंगताना दस्ताची जी प्रत निघते, तीत अब्जावधी अक्षरांत एखादी चूक राहते. भाषांतरात मात्र हजार ते दहा हजारांमागे एक. स्ट्रेप्टोमायसिन तर या कारकुनास चुकीचेच वाचावयास लावते!

चुकीचे प्रथिन नाहीसे होते, दस्त शाबूत राहतो, असे वाटणे साहजिक आहे. पण डीएनएची प्रत ताडून पाहणारेही प्रथिनच असते. तेच सदोष घडले तर चूक दस्तात शिरू शकते. दुसरी वाट बंगळूर येथील राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्रातील दीपा आगाशे व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२० साली दाखविली. ई. कोलाय जिवाणूंत भाषांतराच्या चुका वाढविल्या असता डीएनए-दुरुस्तीची यंत्रणा लवकर जागी झाली, आणि डीएनएला इजा करणाऱ्या औषधापुढे असे जिवाणू अधिक संख्येने तगले. तगलेले अधिक, म्हणून उपकारक फेरफार गवसण्याची संधीही अधिक.

लाटंबार्से येथील आमच्या ओसरीवर हे सांगताच एक स्नेही म्हणाले, “म्हणजे चूकही कामाचीच की!”

आम्हांस ते पटले नाही. हिशेब तगलेल्यांच्या बाजूने मांडला की चूक उपकारक दिसते. शिवाय जिवाणूच्या भाषांतराखाली कोणाची सही नसते.

उमेदीच्या काळात एका पोर्तुगीज दस्ताच्या भाषांतराखाली ‘ताडून पाहिले’ म्हणून आम्ही सही केली. चतुःसीमेत पूर्वेचा ओहोळ पश्चिमेस गेला होता. त्या नकलेवरून फेरफार झाला आणि एका कुटुंबाची बागायत शेजाऱ्याच्या नावे लागली. पुढे त्या प्रकरणामुळेच प्रत्येक भाषांतर दोघांनी ताडण्याची शिस्त कचेरीत आली. कचेरीपुरती चूक उपकारकच ठरली म्हणावयाची! दुरुस्तीची नोंद झाली तेव्हा अर्ज करणारे आजोबा हयात नव्हते. कागद घ्यावयास त्यांचा मुलगा आला. आमची सही पाहिली, आणि काही न बोलता कागद घडी करून खिशात ठेवला.