फक्त अठ्ठेचाळीस हजार

गाडी विकायची ठरली तेव्हा बाबांनी सगळ्यात आधी काच पुसून मला मीटरचा फोटो काढायला लावला. ४८,२१०. डिझेल डस्टर, २०१३ची, आणि रनिंग एवढंच. आपट्याहून पनवेल, क्वचित पेण, वर्षातून एकदा कोल्हापूर. बाकी वेळ ती अंगणात आंब्याखाली उभी. आता बाबांना रात्री समोरच्या गाडीचे दिवे सहन होत नाहीत आणि मी मुंबईत लोकलने फिरतो. फोटो टाकला आणि तासाभरात गावातूनच फोन आला. ‘फक्त अठ्ठेचाळीस? मग दुसऱ्या कुणाला दाखवू नकोस.’

त्याआधी एकदा तपासून घ्यावी म्हणून गाडी गॅरेजवर नेली. मिस्त्रीने ऑइल बघितलं, टायर दाबून बघितले आणि विचारलं, ‘टायमिंग बेल्ट कधी बदललाय?’ बाबांच्या फाइलमध्ये वायपरचंसुद्धा बिल आहे. बेल्टचं नाही.

‘किट, टेन्शनर, वॉटर पंप धरून साडेअकरा हजार. लेबर चार. आणि तुटला, तर साठ-सत्तर हजारांच्या खाली सुटत नाही.’

हा बेल्ट म्हणजे दातेरी रबरी पट्टा. खालचा क्रँकशाफ्ट पिस्टनच्या जोरावर फिरतो, वरचा कॅमशाफ्ट वॉल्व्हची उघडझाप करतो. खालच्याचे दोन फेरे झाले की वरच्याचा एक, हा हिशेब पट्टा सांभाळतो. इंजिन मिनिटाला २,००० फेरे घेत असेल, तर प्रत्येक वॉल्व्ह मिनिटाला १,००० वेळा उघडतो आणि पिस्टन वर यायच्या आत बाजूला होतो. डिझेल इंजिनात त्या दोघांमध्ये जागा अगदी थोडी. पट्टा तुटला की वॉल्व्ह उघडा तो उघडाच राहतो आणि पिस्टन येऊन त्याच्यावर आदळतो. मग हेड उतरवा, वाकलेले वॉल्व्ह बदला, पिस्टनला मार लागलाय का बघा. वॉटर पंप सोबत बदलायचा, कारण तिथपर्यंत पोचायची मजुरी दोनदा कशाला द्यायची?

ब्रेक झिजले तर कुरकुरतात, बॅटरी उतरली तर सकाळी कळतं. हा पट्टा मात्र झाकणामागे असतो आणि बहुतेकदा काही न बोलता जातो. साडेपंधरा हजार खर्चूनही गाडी कालच्यासारखीच चालणार. उतरवलेला जुना पट्टा हातात घेतला आणि तो धड दिसला, तर आपण फसलो असंच वाटणार. तो आणखी किती चालला असता हे कधीच कळत नाही.

गोम अशी की या पट्ट्याची मुदत किलोमीटर आणि वर्षं दोन्हींत मोजतात, जे आधी भरेल ते. रबर उभ्या गाडीतही म्हातारं होतं. म्हणजे आमच्या मीटरवरचा आकडा शंभर टक्के खरा होता आणि बघणाऱ्याच्या मनात तो नेमकी खोटी समजूत तयार करत होता. युधिष्ठिराने निदान ‘कुंजरो वा’ पुटपुटलं तरी होतं. मी नुसता फोटो टाकला होता.

विल्यम क्लिफर्ड नावाच्या इंग्रज गणितज्ञाने १८७७ साली एका निबंधात एका जहाजमालकाची गोष्ट सांगितली आहे. जहाज जुनं, अनेकदा दुरुस्त केलेलं. ते सफरीला पाठवण्याजोगं आहे का, अशी शंका मालकाच्या मनात येते. दुरुस्ती महाग पडणार म्हणून तो स्वतःला समजावतो की इतक्या वादळांतून ते परत आलंय, याही वेळी येईल. हळूहळू त्याचा त्यावर खरोखर विश्वास बसतो. जहाज बुडतं, माणसं मरतात, त्याला विम्याचे पैसे मिळतात. क्लिफर्ड त्याला दोषी ठरवतो. पण पुढे तो म्हणतो की जहाज सुखरूप पोचलं असतं तरी दोष तेवढाच राहिला असता, कारण समोर जो पुरावा होता त्यावर असा विश्वास ठेवायचा त्याला हक्कच नव्हता.

मला हे पूर्ण पटत नाही. या न्यायाने आपण रिक्षातसुद्धा बसू शकणार नाही. बाबा सात-आठ वर्षं त्या पट्ट्यावर गाडी चालवत होते, त्यांना मी दोषी म्हणणार नाही. त्यांना ठाऊकच नव्हतं. मला गॅरेजमध्ये ठाऊक झालं. ठाऊक झाल्यावर गप्प बसून मी जे जास्तीचे पैसे घेणार होतो, ते दुसऱ्याच्या माथी न सांगता मारलेल्या धोक्याचेच होते.

आपटा म्हटलं की लोकांना १९९५च्या ‘दिलवाले दुल्हनिया’तली ती धावती गाडी आठवते. एरवी इथे थांबणाऱ्या गाड्या मोजक्याच, म्हणून पनवेलला जायचं तर रस्ता. कर्नाळ्याच्या खिंडीत इंजिन बंद पडलं, तर स्टिअरिंग जड होतं, ब्रेक एक-दोनदा नीट लागतो, मग पूर्ण ताकदीने दाबावा लागतो. मागे कंटेनर असतो.

मी त्याला सांगितलं. सरळ बिलाचा अंदाजच दाखवला आणि म्हटलं, बदलून देतो, चार दिवस लागतील. तो म्हणाला, ‘दसऱ्याला दारात पाहिजे रे. पंधरा हजार कमी कर, मी बघतो.’ बाबा लगेच तयार झाले. त्यांच्या दृष्टीने हा चोख व्यवहार होता, आणि होताच.

दसऱ्याला त्याने गाडीला झेंडूची माळ घातली, वायपरखाली आपट्याची पानं खोचली, चारही चाकांखाली लिंबं ठेवली. बॉनेटवर स्वस्तिक काढलं. बॉनेटच्या आत काय आहे, हे त्या अंगणात तिघांना माहीत होतं. त्याची बायको आणि दोन मुलं मागे बसली, त्यांना नव्हतं.

इथे माझा हिशेब अडकतो. ज्याला सांगायचं त्याला सांगितलं, पैसेही सोडले. पण धोका विकत घेतला त्याने आणि मागच्या सीटवर बसलेत ते वेगळेच. त्याच्या घरी जाऊन त्याच्या बायकोला सांगणं म्हणजे आगाऊपणा होईल, हे मला कळतं. मिस्त्री म्हणतो, ‘विकली ना? मग झोप ना शांत.’ बाबाही तेच म्हणतात, जरा वेगळ्या शब्दांत.

दिवाळीनंतर त्याला मेसेज केला. ‘मस्त पळतेय, काही आवाज नाही,’ असं उत्तर आलं, पुढे अंगठा. आवाज येणारच नाही, हे मी त्याला तेव्हाही सांगितलं होतं.

येत्या शनिवारी आपट्याला जातोय. मिस्त्रीची वेळ घेऊन ठेवली आहे. लेबरचे चार हजार मी देतो, गाडी फक्त सोड, असं त्याला म्हणणार आहे. बाबांना अजून सांगितलेलं नाही.