रिस्टार्ट मारणं पुरे, आता लॉग वाच

"सर, सगळं करून बघितलं, तरी ५०२ येतंय." सगळं म्हणजे नेमकं काय रे? नेक्स्टक्लाउडपुढे एनजिनएक्स प्रॉक्सी लावायला चार ठिकाणच्या कॉन्फिग आणून एकात एक डकवल्यास. रिस्टार्ट मारलास. पुन्हा मारलास. लॉग उघडलास? नाही. मग सगळं कुठलं केलंस?

५०२ दिसतंय म्हणजे एनजिनएक्स जागा आहे. मागून त्याला धड उत्तर मिळत नाही, एवढाच त्याचा अर्थ. 'डॉकर लॉग्ज' ही एक कमांड दिली असतीस तर स्वच्छ दिसलं असतं: कनेक्शन रिफ्यूज्ड, पत्ता १२७.०.०.१, पोर्ट ८०८०. अरे, एनजिनएक्स कंटेनरमध्ये बसवलास तूच ना? कंटेनरच्या आत १२७.०.०.१ म्हणजे तो कंटेनर स्वतःच. तिथे नेक्स्टक्लाउड कुठून उगवणार? दोघांना एका डॉकर नेटवर्कवर आण, सर्व्हिसच्या नावाने हाक मार, आतला पोर्ट ८० दे. हे तुला येत नाही म्हणून नको सांगूस. हेच तू परवा धाकट्या बॅचला फळ्यावर समजावत होतास.

मोठी फाइल चढेना, ४१३ आला, की नेटवाल्याला शिव्या. नाचता येईना अंगण वाकडं! क्लायंट मॅक्स बॉडी साइझ सांगितला नाहीस तर एनजिनएक्स १ एमबीच्या पुढे घेत नाही. एका ओळीचं काम.

आणि तुझं ते लाडकं 'तात्पुरतं'! तात्पुरता नेक्स्टक्लाउडचा ८०८० बाहेर उघडा. तात्पुरते त्याच्या ट्रस्टेड प्रॉक्सीजमध्ये जगातले सगळे पत्ते. वर तोंड करून म्हणतोस, "यूएफडब्ल्यू फायरवॉल आहे ना." डॉकरने पब्लिश केलेला पोर्ट यूएफडब्ल्यूच्या नियमांना वळसा घालून जातो. म्हणजे पुढे एचटीटीपीएसचं भक्कम कुलूप आणि परसदार सताड उघडं. त्या दारातून कोणीही यावं, एक्स-फॉरवर्डेड-फॉर हेडरमध्ये दर वेळी नवा खोटा आयपी लिहावा आणि लॉगिनवर पासवर्ड आपटत बसावं. नेक्स्टक्लाउड अडवणार तरी कोणाला? सगळ्यांवर विश्वास ठेवायला तूच सांगितलंस! आईबाबांचे फोटो, आधारची स्कॅन, सगळं त्यात टाकलंयस ना?

दोन्ही कंटेनर आतूनच बोलणार असतील तर तो पोर्ट पब्लिश करायचाच कशाला? ती ओळ खोड. ट्रस्टेड प्रॉक्सीजमध्ये फक्त तुझ्या प्रॉक्सीचा पत्ता ठेव. आजच. आणि पुन्हा अडलास तर लॉग वाचून ये. नुसता स्क्रीनशॉट घेऊन आलास तर दारातूनच परत पाठवीन.