गोळी घेतलीस का?

रात्री नऊला गोळी, सकाळी नऊला रक्त. मधले बारा तास मोजून पाळावे लागतात, नाहीतर आकडा चुकतो. मी दर तीन महिन्यांनी जाते त्या लॅबमधल्या मुलाला आता माझ्या डाव्या हाताची शीर पाठ झाली आहे. संध्याकाळी व्हॉट्सअ‍ॅपवर रिपोर्ट येतो. परवाचा आकडा ०.७४.

हे रक्तातलं लिथियम, मिलिमोल प्रति लिटरमध्ये. ०.६ ते १.० असलं की माझे डॉक्टर खूश. त्याखाली गेलं तर औषध पुरं पडेलच असं नाही आणि १.५ च्या वर गेलं की तेच विष. हात थरथरतात, उलट्या होतात, चाल अडखळते, त्याहून वर गेलं तर फिट्स आणि कोमा. औषध आणि विष यांच्यात इतकं कमी अंतर असलेल्या गोळ्या फार नाहीत.

मला बायपोलर डिसऑर्डर आहे. चोविसाव्या वर्षी कळलं, आता अठ्ठावीस पूर्ण होतील. डॉक्टरांनी पहिल्यांदा चिठ्ठी लिहून दिली तेव्हा मला वाटलं होतं, काहीतरी लांबलचक नावाचा, अलीकडे शोधलेला रेणू असेल. निघालं लिथियम कार्बोनेट. अकरावीत एस-ब्लॉक पाठ करताना भेटलेलं तेच, हायड्रोजन-हेलियमनंतरचं, फ्लेम टेस्टला किरमिजी रंग देणारं. ३०० मिलिग्रॅमच्या गोळीत निव्वळ लिथियम सुमारे ५६ मिलिग्रॅम. तुम्ही हे ज्या फोनवर वाचताय त्याच्या बॅटरीत याच्या कितीतरी पट जास्त आहे.

माझा प्रश्न निदानाच्या आधीच्या ११ दिवसांचा आहे.

त्या ११ दिवसांत मी रोज दोन-तीन तास झोपत होते आणि थकवा नावालाही नव्हता. आमच्या पेमेंट सिस्टिममध्ये एक बग तीन महिने कोणाला सापडत नव्हता. मी पहाटे चार वाजता तो शोधला, आणि त्याच झपाट्यात अख्खं मॉड्यूल नव्याने लिहून काढलं. कोड चांगला होता. आजही चालतो आहे. त्याबद्दल मला अवॉर्ड मिळालं, सर्टिफिकेट आणि दहा हजारांचं व्हाउचर.

त्याच ११ दिवसांतल्या नवव्या रात्री दीड वाजता मी माझ्या रूममेटच्या भावाला फोन केला. ती दुसऱ्या जातीतल्या एका मुलाबरोबर लग्न करणार होती. रजिस्टर ऑफिसची तारीख घ्यायची बाकी होती आणि हे फक्त मला माहीत होतं. जगातले सगळे प्रश्न लोक एकमेकांशी खरं बोलत नाहीत म्हणून आहेत, असं मला त्या रात्री लख्ख कळलं होतं आणि ते ताबडतोब अमलात आणायचं होतं. दुसऱ्या दिवशी दुपारी तिचा भाऊ आणि काका पुण्यात आले. तिला गावी नेलं, फोन काढून घेतला. चार महिन्यांनी ती कशीबशी बाहेर पडली. ते लग्न झालं नाही.

मग माझं निदान झालं, आणि सगळ्यांनी मला एकच वाक्य सांगितलं: ती तू नव्हतीस, तो आजार होता. आईने सांगितलं, डॉक्टरांनी जरा वेगळ्या शब्दांत सांगितलं. पुढे खुद्द तिनेही बंगळुरूहून फोन करून सांगितलं. त्या वाक्याने मला उचलून धरलं, हे खरं आहे. पण काही दिवसांनी कपाट आवरताना सर्टिफिकेट सापडलं आणि मी तिथेच बसून राहिले. फोन करणारी मी नव्हते, तर बग शोधणारी कोण होती? व्हाउचर परत मागायला कोणी आलं नाही. नुकसान आजाराच्या खात्यावर आणि नफा माझ्या, असा हिशेब आम्ही सगळ्यांनी मिळून केला होता आणि कोणालाच तो खटकला नव्हता.

हा धागा ओढत गेलं की सगळंच उसवतं. कोड आजाराने लिहिला असेल, तर आज मी शांतपणे मीटिंगमध्ये बसते ती शांतता लिथियमची. मग माझं काय उरलं? त्या काळात मी यावर बरंच वाचलं आणि वाचून फारसा फायदा झाला नाही. थोडा फायदा आजोबांमुळे झाला.

आजोबांचं सोडियम कमी झालं होतं. मराठी घरांत हे वाक्य इतकं नेहमीचं आहे की त्यावर कोणी प्रश्न विचारत नाही. सोडियम १३५ ते १४५ च्या मध्ये हवं, त्यांचं ११६ होतं. ते बाबांना आपल्या वारलेल्या भावाच्या नावाने हाक मारत होते, साताऱ्याची एसटी चुकेल म्हणून पलंगावरून उतरत होते, आणि सलाईन लावायला आलेल्या सिस्टरांना त्यांनी अशा शिव्या दिल्या ज्या त्यांना येतात हेच आम्हाला ठाऊक नव्हतं. बेतानं सोडियम वर आणलं. तीन दिवसांनी आजोबा पेपर मागू लागले. यातले खरे आजोबा कोणते, असं कोणी विचारलं नाही. सोडियमही बाहेरूनच येतं, मिठाच्या डब्यातून, पण ते सगळ्यांनाच लागतं म्हणून त्याने शाबूत राहिलेला माणूस आपल्याला अस्सल वाटतो.

डिस्चार्जच्या दिवशी कोणीतरी हसत हसत त्यांना शिव्यांचं सांगितलं. आजोबा उठले, सिस्टरांसमोर हात जोडून उभे राहिले. त्या म्हणाल्या, "अहो आजोबा, सोडियममुळे होतं ते." आजोबा म्हणाले, "ते झालंच, पण तोंड माझंच होतं ना."

लिथियम आणि सोडियम पीरिऑडिक टेबलमध्ये एकाच उभ्या रांगेतले, आणि मूत्रपिंडाला दोघांत फारसा फरक करता येत नाही. अंगातलं मीठ-पाणी कमी झालं की ते सोडियम धरून ठेवतं आणि त्याबरोबर लिथियमही. म्हणून मला निर्जळी उपास बंद, मे महिन्यातला ट्रेक बंद, दाढ दुखली तरी मनाने आयब्युप्रोफेन घ्यायचं नाही. अमेरिकेत १९४० च्या दशकाच्या शेवटी, मीठ वर्ज्य असलेल्या हृदयरोग्यांसाठी लिथियम क्लोराइड मिठाऐवजी विकत होते. म्हणजे ज्यांच्या शरीरात ते सर्वांत जास्त साठणार, नेमके त्यांनाच. विषबाधा झाल्या, काही माणसं गेली, १९४९ मध्ये ते बाजारातून काढलं.

त्याच वर्षी ऑस्ट्रेलियात जॉन केड या मानसोपचारतज्ज्ञाचा निबंध छापून आला. केड दुसऱ्या महायुद्धात साडेतीन वर्षं चांगीला जपान्यांचा युद्धकैदी होता. परत आल्यावर मेलबर्नजवळच्या बुंडूराच्या इस्पितळात, वापरात नसलेल्या एका स्वयंपाकघरात त्याने प्रयोग मांडले. मॅनियाच्या रुग्णांच्या लघवीत काहीतरी विषारी असेल अशी त्याची अटकळ होती. ती चुकीची होती. यूरिक अ‍ॅसिड पाण्यात नीट विरघळेना, म्हणून त्याने त्याचा लिथियमचा क्षार घेतला, गिनीपिग सुस्तावले, आणि त्याला वाटलं की गंमत लिथियममध्ये आहे. रुग्णांना देण्याआधी त्याने ते स्वतः घेऊन पाहिलं.

पहिला रुग्ण निबंधात फक्त डब्ल्यू. बी. म्हणून येतो. वय ५१, पाच वर्षं सतत मॅनियात. मार्च १९४८ मध्ये लिथियम सुरू झालं, जुलैत तो घरी गेला, जुन्या नोकरीवर रुजू झाला. मग त्याने औषध सोडलं. पुन्हा भरती, पुन्हा लिथियम, आणि १९५० मध्ये लिथियमच्याच विषबाधेने मृत्यू. रक्तातलं लिथियम नेमाने मोजत राहायची रीत तेव्हा नव्हती. केडबद्दल लोक पुष्कळ लिहितात. मला मात्र डब्ल्यू. बी.ला विचारायचं आहे, की गोळी सोडताना काय वाटत होतं? बरं वाटतंय तर कशाला, असं? की ती तीव्रता, सगळं लख्ख कळत असल्याची ती नशा, परत हवी होती? मलाही कधी कधी हवी असते. त्याने गोळी सोडली तो निर्णय लिथियमने शांत केलेल्या डोक्यातूनच आला होता, आणि मी रोज रात्री घेते तोही तसाच येतो. दोन्हींना मी निर्णयच म्हणते.

आमच्या कामात सिस्टिम कोसळली की दुसऱ्या दिवशी पोस्टमॉर्टेम करतो. नियम असा की कोणावर ठपका ठेवायचा नाही, फक्त कारण शोधायचं. कारण सापडतं, बहुतेकदा ते कोणा एकाचं नसतं. पण मीटिंग संपताना दुरुस्तीचं तिकीट कोणाच्या तरी नावावर जातंच. ज्याच्या हातून झालं नाही त्याच्याही नावावर जातं, आणि त्यात त्याला अन्याय वाटत नाही. माझ्या रूममेटच्या बाबतीत आम्ही कारण शोधलं आणि तिकीट काढलंच नाही. तिचं गुपित आजाराला कुठून माहीत असणार? ते तिने माझ्याकडे ठेवायला दिलं होतं. मॅनियाने माझा ब्रेक काढला, गाडीत जे भरलेलं होतं ते माझं होतं. कोडच्या बाबतीतही तेच, चार वर्षं ती सिस्टिम शिकले होते म्हणून बग दिसला.

गेल्या दिवाळीत मी तिला पत्र लिहिलं. त्यात आजाराचा उल्लेख एकदाच होता. मी सांगितलं, त्यामुळे तुझं काय गेलं ते मला माहीत आहे, आणि माफी मी मागते आहे. तिने महिन्याभराने उत्तर दिलं. ती पहिल्यांदा माझ्यावर चिडली. चांगली दोन पानं. पूर्वीची माफी माझ्या आजाराला होती, त्यामुळे चिडायला समोर कोणी नव्हतंच, असं तिने लिहिलं. आमची मैत्री पूर्ववत झालेली नाही. पण आता ती अधूनमधून फोन करते.

घरी गोष्ट उलटी आहे. धाकट्या बहिणीच्या लग्नात बाबा कर्ज काढायला निघाले तेव्हा मी आवाज चढवला आणि आईने विचारलं, "गोळी घेतलीस का?" तिला काळजी होती, मला कळतं. पण त्या एका प्रश्नाने माझं सगळं म्हणणं लक्षण होऊन जातं. चूक माझी धरत नाहीत, ते ठीक म्हणावं, तर रागही माझा धरत नाहीत. आणि पंचाईत अशी की तिचा प्रश्न चुकीचाही नाही. माझी झोप कमी झालेली सगळ्यात आधी तिलाच दिसते.

शेवटी आम्ही एक ठरवलं. सात कप्प्यांची गोळ्यांची डबी पोळ्यांच्या डब्याशेजारी उघड्यावर ठेवायची. शंका आली तर आईने जाऊन बघायचं, भांडणात विचारायचं नाही. आणि झोप बिघडली असं तिला वाटलं तर तिने दुसऱ्या दिवशी सकाळी चहाला सांगायचं, मी ऐकून घ्यायचं.

परवा हॉलच्या भाड्यावरून पुन्हा पेटलं. मी बरीच बोलले. आई न बोलता स्वयंपाकघरात गेली. मला झाकण उघडल्याचा आवाज आला. आदल्या रात्रीचा कप्पा रिकामा होता. ती बाहेर आली, पदराला हात पुसले, खुर्ची ओढून समोर बसली आणि म्हणाली, "हं. आता परत सांग, किती जास्त होतायत म्हणतेस?"