आपल्या वेशीवरचे मिशन



आज मिशन रविवार. पोप पायस अकरावे यांनी १९२६ साली हा दिवस नेमून दिला आणि तेव्हापासून ऑक्टोबर महिन्यातल्या शेवटून दुसऱ्या रविवारी जगभरच्या चर्चमध्ये मिशनकार्यासाठी प्रार्थना होते, दान गोळा केले जाते. आपला धर्मग्राम या दानात कधी मागे राहिलेला नाही. घरोघरी दिलेली पाकिटे बहुतेक सगळी परत येतात, आणि रिकामी येत नाहीत. त्याबद्दल आभार मानावेत तेवढे थोडेच. मात्र मिशन म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे दूरचे एखादे जंगल, दाढीवाले फादर आणि अनवाणी मुले उभी राहतात. पाकीट तिकडे जाते आणि आपण घरी जातो. आज आपण जरा जवळ पाहू या.

प्रेषितांच्या कृत्यांचा सहावा अध्याय घरी जाऊन सावकाश वाचा. यरुशलेमची ती पहिली ख्रिस्तसभा आपण फार सोवळ्या नजरेने पाहतो. पण तिथेही कुरकुर होती, आणि ती धर्मसिद्धान्तावरून नव्हती, वाढण्यावरून होती. ग्रीक बोलणाऱ्या विधवांना रोजच्या वाटपात डावलले जाते, अशी तक्रार आली. दोन्ही गट यहुदीच होते, दोघांचा विश्वास येशूवर होता. फरक भाषेचा आणि गावाचा. एक घरचे, दुसरे बाहेरून आलेले. आता आपल्या पॅरिश कौन्सिलपुढे अशी तक्रार आली असती तर आपण काय केले असते? एक चौकशी समिती, त्यात निम्मे आपले, निम्मे त्यांचे, आणि अहवाल पुढच्या सभेत! प्रेषितांनी सात माणसे निवडायला सांगितली. त्या सातांची नावे पाहा: स्तेफन, फिलिप, प्रखर, निकानोर, तीमोन, पार्मेना, निकोलाव. सगळी ग्रीक नावे. ज्यांची उपेक्षा झाली होती, त्यांच्यातल्या माणसांच्या हाती वाटपाचा कारभार गेला. त्यातला निकोलाव तर जन्माने यहुदीही नव्हता. तो अंत्युखियाहून आलेला होता.

आणि पुढे काय झाले? त्याच सातांपैकी फिलिप शोमरोनात गेला, ज्या लोकांशी यहुदी संबंध ठेवत नसत त्यांच्यात. स्तेफनाच्या मृत्यूनंतर जो छळ झाला, त्यामुळे पांगलेल्या माणसांपैकी काही कुप्र बेटाचे आणि कुरेनेचे रहिवासी अंत्युखियाला पोहोचले आणि त्यांनी ग्रीकांना शुभवर्तमान सांगितले. त्यांची नावेसुद्धा लूकने दिलेली नाहीत. प्रभूच्या शिष्यांना 'ख्रिस्ती' हे नाव प्रथम मिळाले ते याच सरमिसळ गावात, यरुशलेमात नव्हे. तेराव्या अध्यायात तिथल्या पुढाऱ्यांची यादी आहे: कुप्रचा बर्णबा, निग्र म्हटला जाणारा शिमोन, कुरेनेचा लूक्य, हेरोदाबरोबर वाढलेला मनाएन, आणि तार्ससचा शौल. पाच माणसे, पाच तऱ्हा. पौलाला मिशनवर पाठवणारी ख्रिस्तसभा अशी होती.

आता आपल्याकडे वळू. वसईतल्या ख्रिस्ती समाजात कुपारी, वाडवळ, कोळी अशा किती चुली पूर्वापार वेगळ्या होत्या, हे आपल्या आजी-आजोबांना विचारावे. त्या भिंती बऱ्याच उतरल्या. लग्नाच्या गोष्टी निघाल्या की काही अजून उभ्या राहतात, पण तो विषय वेगळ्या रविवारचा. आज नवी भिंत उभी राहते आहे ती चर्चच्या शेवटच्या बाकांपाशी. तिथे बसणाऱ्या मुली झारखंडच्या आहेत, उरांव, मुंडा, खडिया समाजाच्या. आपल्या इमारतींतून त्या घरकाम करतात, म्हाताऱ्यांची सेवा करतात. त्यांना 'नवे ख्रिस्ती' समजण्याची चूक कुणी करू नये. बेल्जियमचे येशूसंघीय फादर कॉन्स्टंट लिव्हन्स १८८५ साली छोटा नागपुरात पोहोचले आणि जमीनदारांनी नाडलेल्या आदिवासींच्या पाठीशी कोर्टकचेरीत उभे राहिले. या मुलींच्या पणजोबांनी श्रद्धा स्वीकारली ती जमीन वाचवण्याच्या त्या लढाईच्या काळात. आपल्या मालकिणीबरोबर मिस्साला येऊनही त्यांनी निराळ्या बाकावर बसावे, हे ख्रिस्तशरीर एकाच ताटातून घेणाऱ्यांना शोभते का?

हिंदीत एखादे गीत घेतले की काही कपाळांना आठ्या पडतात, हे आम्हांला वेदीवरून दिसते. मराठीचा अभिमान आम्हांलाही आहे. पण आपल्याला आपल्या भाषेत उपासना मिळाली कशी, ते आठवावे. १९६३ साली व्हॅटिकन परिषदेने लोकभाषेला दार उघडले. त्याआधीची लॅटिन मिस्सा ज्येष्ठांना आठवत असेल. आणि त्याच्याही साडेतीनशे वर्षे आधी एका इंग्रज माणसाने, फादर थॉमस स्टीफन्स यांनी, १५७९ साली गोव्यात उतरून आपली भाषा शिकून ओवीबद्ध 'ख्रिस्तपुराण' लिहिले. ते १६१६ साली छापले गेले. परक्याने आपल्यासाठी एवढे केले, तर आपण परक्यासाठी एक गीत शिकायला काय हरकत? संत थॉमस अक्वायनस यांच्या तत्त्वज्ञानात एक सूत्र आहे: घेणारा जसा असेल, त्या रीतीने दिलेली वस्तू त्याच्यापाशी पोहोचते. सेमिनरीत हे सूत्र फार रुक्ष वाटते. धर्मग्रामात आल्यावर कळते की पाणी तेच असले तरी तांब्या ज्याचा त्याचा असतो.

ख्रिस्ती नसलेल्या शेजाऱ्यांचे काय? मोखाडा, जव्हार, डहाणूकडची आदिवासी कुटुंबे दिवाळीनंतर वसई-भिवंडीच्या वीटभट्ट्यांवर येतात. आधी घेतलेली उचल फेडण्यात त्यांचा हंगाम जातो आणि मुलांची शाळा बुडते. त्यांच्याकडे जावे असे म्हटले की आपल्यातलेच काही विचारतात, "फादर, लोक काय म्हणतील? धर्मांतर करतात म्हणतील." भीती खोटी नाही, आम्ही ती हसण्यावारी नेत नाही. तिला उत्तर चर्चच्या शिकवणुकीतच आहे. १९६५ सालच्या मिशनकार्यावरील परिषदेच्या आदेशात, कोणावरही श्रद्धेसाठी जबरदस्ती करण्यास वा अनुचित मार्गांनी भुलवण्यास सक्त मनाई आहे. तांदळाच्या पिशवीला अट बांधली की ती सेवा राहत नाही, व्यापार होतो. पण अट नको म्हणून पिशवीच नको, हेही येशूला चालणार नाही. शोमरोनी माणसाने जखमी वाटसरूची जात विचारली नाही आणि सरायवाल्याला पैसे देऊन तो आपल्या वाटेने गेला. आपण येशूचे आहोत हे मात्र लपवायचे नाही. कुणी विचारले तर सांगायचे.

हे काम धर्मगुरूंचे आणि धर्मभगिनींचे, असे म्हणून सुटता येणार नाही. आपल्या वसईचे संत गोन्सालो गार्सिया धर्मगुरू नव्हते. व्यापाराच्या निमित्ताने जपानी लोकांत वावरलेले, त्यांची भाषा येणारे ते एक फ्रान्सिस्कन ब्रदर. १५९३ साली मनिलाहून जपानला गेलेल्या फ्रान्सिस्कनांचे ते दुभाषे झाले. त्या मंडळींनी क्योटोत कुष्ठरोग्यांची शुश्रूषा केली, आणि ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीत गोन्सालो यांना क्रुसावर मरण आले. बाजारात शिकलेली भाषा प्रभूच्या कामी आली. आपल्यात हिंदी बोलणारे रिक्षावाले आहेत, आदिवासी पाड्यांवर शिकवलेल्या निवृत्त शिक्षिका आहेत, कागदपत्रांची माहिती असलेले बँकेतले लोक आहेत.

तेव्हा दिवाळी झाल्यानंतरच्या पहिल्या शनिवारी दुपारी चार वाजता चर्चच्या आवारातून टेम्पो भट्ट्यांकडे निघेल. मुलांच्या शाळेचे काय करता येईल, हे आधी त्यांच्या आई-वडिलांना विचारायचे आहे. व्हिन्सेंट डी पॉल सोसायटीच्या सभासदांकडे नावे द्यावीत. जुने कपडे सध्या आणू नयेत. पहिल्या भेटीला माणसेच हवी आहेत. झारखंडच्या मुलींपैकी दोघींनी पुढच्या रविवारी दुसरे वाचन हिंदीतून करायचे कबूल केले आहे. त्या दिवशी पुढच्या बाकांवर थोडी जागा करून ठेवावी.

आपले धर्मगुरू