दुःखाला हेतू असतो काय?

२०१९ च्या ऑगस्टात कृष्णेचे पाणी सांगलीत शिरले, तेव्हा आमच्या शाळेचे वर्ग पूरग्रस्तांसाठी उघडले होते. पाचवीच्या वर्गात एक ख्रिस्ती बाई आपल्या दोन मुलांसह उतरली होती. नवरा आदल्या वर्षी वारलेला, आणि आता घर पाण्याखाली. तिचे समाधान करावे म्हणून मी म्हणालो, “बाई, यातही देवाचा काही हेतू असेल.” तिने माझ्याकडे पाहिले आणि शांतपणे म्हटले, “हेतू राहू द्या, गुरुजी. ह्या चादरीचं एक टोक धरता का? पिळायची आहे.”

मी टोक धरले. पण त्या दिवसापासून माझ्या शहाणपणाला जो पीळ बसला तो अजून सुटलेला नाही.

बायबलात ईयोबाची कथा आहे. त्याची मुले गेली, गुरेढोरे गेली, अंगावर फोड उठले. त्याचे मित्र आले आणि सात दिवस, सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर मुकाट बसून राहिले. तेवढे त्यांनी फार चांगले केले. पुढे ते बोलू लागले, पापाचा आणि शिक्षेचा हिशेब मांडू लागले, आणि तिथेच चुकले. शेवटी देव रागावतो तो ईयोबावर नव्हे, या हिशेबनीसांवर. मीही त्या वर्गात, सात दिवसही न थांबता, हिशेबाची वही उघडली होती!

मग ख्रिस्ती माणूस आशा कशावर ठेवतो? वधस्तंभावर येशूनेही ‘का?’ असेच विचारले, आणि त्या घटकेला आकाशातून उत्तर आले नाही. दुःखाचे स्पष्टीकरण नव्हे, तर दुःखात देवाची सोबत, हा या श्रद्धेचा गाभा मला वाटतो. पुनरुत्थानानंतरही त्याच्या हातांवरचे व्रण पुसले गेले नव्हते, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. आशा म्हणजे जखम विसरणे नव्हे.

आमच्या शेजारच्या साताऱ्यात नारायण वामन टिळकांनी आयुष्याची अखेरची वर्षे काढली. १८९५ साली ते ख्रिस्ती झाले. पण त्या निर्णयाची किंमत लक्ष्मीबाईंनी मोजली. पोटची मुले गमावलेली ती बाई नवरा जिवंत असून एकाकी झाली, नातलगांच्या आसऱ्याने दिवस काढू लागली. म्हणजे एकाच्या श्रद्धेतून दुसऱ्याचे दुःख जन्मले! त्यामागे दैवी योजना होती असे कुणी त्यांना तेव्हा सांगितले असते, तर ते क्रूरपणाचेच ठरले असते. पुढे त्या स्वतःच्या पायांनी, स्वतःच्या विचाराने त्याच श्रद्धेकडे आल्या. १९१९ साली टिळक गेले. त्यांचे ‘ख्रिस्तायन’ अपुरे राहिले होते. शाळेचे तोंड न पाहिलेल्या लक्ष्मीबाईंनी ते पुरे केले. ‘स्मृतिचित्रे’ वाचताना आपण हसतो, आणि हसता हसता डोळे पुसतो. त्यांच्या दुःखात हेतू आधीपासून दडलेला होता, की त्यांनी तो पदरचे घालून निर्माण केला? मला दुसरे खरे वाटते. देवाची कृपा असेल तर ती हे बळ देण्यात असेल.

यावर कुणी म्हणेल, मग दुःख निमूट सोसावे काय? याचे उत्तर मिरजेस आहे. डॉ. विल्यम वानलेस यांनी १८९४ साली तिथे इस्पितळ उघडले. रोग ही देवाची इच्छा मानून ते हात जोडून बसले असते, तर शस्त्रक्रियेची सुरी हाती धरली नसती. जन्मांध माणसाला पाहून शिष्यांनी ‘पाप कुणाचे?’ असे विचारले, तेव्हा येशूने तो हिशेब नाकारला आणि त्याला दृष्टी दिली. टाळता येणारे दुःख टाळणे हेही श्रद्धेचेच काम आहे. उपासमारीला आणि अन्यायाला पवित्र म्हणणे ही श्रद्धा नव्हे, ती सोय आहे. आणि बहुधा ती सोसणाऱ्याची नसते, पाहणाऱ्याची असते.

म्हणून एवढेच मला समजले आहे: आपल्या दुःखाला अर्थ देण्याचा अधिकार ज्याचा त्याला आहे. शेजाऱ्याच्या दुःखाचा अर्थ लावण्याचा अधिकार आपणांस नाही. त्याच्यापाशी थांबण्याचे कर्तव्य मात्र आहे.

पूर ओसरला. बाई घराकडे निघाली, तेव्हा तिच्या घरात गुडघाभर चिखल होता. तिने खिडकीवरचा क्रूस पुसून पुन्हा खिळ्याला लावला आणि खराटा हाती घेतला. या वेळी मी काही बोललो नाही. कोपऱ्यातले घमेले उचलले.