मॅच पाहायला जाताना

मार्चच्या अखेरीस आयपीएल सुरू झाली की दोन महिने घराघरांतल्या संध्याकाळी बदलतात. पहिला चेंडू साडेसातला पडतो, शेवटचा अकराच्या पुढे, आणि मधल्या चार तासांत रात्रीच्या जेवणाची वेळ येऊन जाते. मॅच एकट्याने पाहण्यात रंगत नसते, म्हणून कुणाच्या तरी हॉलमध्ये सगळे जमतात आणि येताना प्रत्येक जण काही ना काही घेऊन येतो. बहुतेक वेळा ते कोपऱ्यावरच्या दुकानातून घाईत उचललेले असते: वेफर्सचे पुडे, पाव किलो फरसाण, कोल्ड्रिंकची मोठी बाटली. या पिशवीकडे नीतीचा प्रश्न म्हणून पाहणे काहींना अतिरेकाचे वाटेल. मला तसे वाटत नाही. आपल्या घरी आपल्या ताटात काय वाढून घ्यावे, हा ज्याचा त्याचा प्रश्न आहे. पण दहा जणांच्या मधोमध ठेवायच्या ताटात काय असावे, हे आपण दुसऱ्यांच्या वतीने ठरवत असतो, आणि दुसऱ्यांच्या वतीने ठरवणाऱ्यावर त्या निर्णयाची जबाबदारी येते.

यावर ठरलेले उत्तर असे की, ज्याला नको त्याने खाऊ नये. उत्तर न्याय्य वाटते, पण ज्या प्रसंगाला ते लावायचे त्या प्रसंगी ते टिकत नाही. २०१३ साली अमेरिकन जर्नल ऑफ क्लिनिकल न्यूट्रिशन या नियतकालिकात २४ अभ्यासांचा एक आढावा प्रसिद्ध झाला. खाताना लक्ष दुसरीकडे असेल तर माणूस त्या वेळी जास्त खातोच, शिवाय नंतरच्या खाण्यातही जास्त खातो, असा त्याचा निष्कर्ष होता. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जॉन डी कॅस्ट्रो यांनी लोकांना आठवडाभर आपल्या खाण्याच्या नोंदी ठेवायला लावल्या होत्या. सोबत माणसे असली की खाणे वाढते आणि माणसे जितकी जास्त तितके ते आणखी वाढते, हे त्या नोंदींतून दिसले. मॅचच्या संध्याकाळी या दोन्ही गोष्टी एकत्र येतात. शेवटच्या दोन षटकांत २४ धावा हव्या असताना हात ताटाकडे जातो तेव्हा निवड कोणीच करत नसते. ती आधीच झालेली असते, दुकानात, पिशवी भरणाऱ्याकडून. म्हणूनच संयम राखण्याचा उपदेश खाणाऱ्याला करण्याऐवजी, विचार करण्याची अपेक्षा आणणाऱ्याकडून ठेवावी, असे मी म्हणतो. विचार करायला शांतपणे वेळ मिळतो तो फक्त त्यालाच.

आणि त्या हॉलमध्ये कोण बसलेले असते? भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या इंडियाब पाहणीनुसार देशातल्या ११.४ टक्के प्रौढांना मधुमेह आहे, १५.३ टक्के त्याच्या उंबरठ्यावर आहेत, आणि ३५.५ टक्क्यांना उच्च रक्तदाब आहे. म्हणजे दहा प्रौढांच्या बैठकीत सरासरीने दोन-तीन जण साखरेच्या आणि तीन-चार जण रक्तदाबाच्या काळजीत असणार. त्यातल्या कितीतरी जणांना ते स्वतःलाही ठाऊक नसते, आणि ज्यांना ठाऊक असते त्यांना चारचौघांत ‘मला हे चालत नाही’ म्हणायला संकोच वाटतो. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ खायला सांगते. साखर २५ ग्रॅमच्या आत ठेवली तर अधिक चांगले, असेही सांगते. कोल्ड्रिंकच्या ३०० मिलिलिटरच्या एका बाटलीतच साधारण ३० ग्रॅम साखर असते. ताटात चालण्यासारखे काहीच नसेल, तर अशा माणसापुढे उपाशी बसणे किंवा पथ्य मोडणे एवढेच उरते. स्नेहाने बोलावलेल्या माणसावर ही वेळ आणणे मला अन्यायाचे वाटते.

मग न्यावे काय? वेगळ्या, महागड्या ‘हेल्दी’ पदार्थांची इथे गरज नाही, आणि पुड्यावर ‘मल्टिग्रेन’ किंवा ‘बेक्ड’ छापले म्हणून मीठ कमी होत नाही. मागची बाजू वाचावी लागते. आपल्याकडे फुटाणे, भाजलेले शेंगदाणे, ज्वारीच्या लाह्या, चुरमुरे आहेत. शिवाय हा हंगाम कैरीचा आहे. वाफवलेली मटकी, चुरमुरे, बारीक चिरलेली कैरी, कोथिंबीर आणि लिंबू एकत्र केले की जी भेळ होते, तिच्यापुढे फरसाणाची आठवण येत नाही. काकडीच्या फोडी, उकडलेली अंडी, बिनसाखरेचे आणि बेताच्या मिठाचे ताक, हे सगळे हाताने खाता-पिता येते आणि टीव्हीवरची नजर न काढता संपते. मात्र दोन गोष्टी सांभाळाव्यात. एप्रिल-मेच्या उकाड्यात मटकी आणि ताक लवकर बिघडते. शिजवलेले अन्न बाहेर दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नये, असा जागतिक आरोग्य संघटनेचा नियम आहे, म्हणून अर्धे बाहेर काढून अर्धे फ्रिजमध्ये ठेवावे. आणि कांदा वेगळ्या वाटीत न्यावा. जमलेल्यांत कुणी जैन असेल, कुणी कांदा-लसूण न खाणारे असेल, तर त्यांनाही ताटात हात घालता यावा. कुणाला शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी आहे का, हेही आधी विचारावे.

याहून मोठी गोष्ट स्वयंपाकघराची आहे. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या २०१९ च्या वेळवापर पाहणीत, घरकाम करणाऱ्या स्त्रियांची त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटे जातात असे आढळले. जे पुरुष घरकाम करतात त्यांची ९७. मॅचच्या रात्री या तफावतीत भर पडते. बाहेर दहा जण ओरडत असतात आणि त्या घरची बाई कढईसमोर भज्यांचा तिसरा घाणा काढत असते. तिलाही मॅच पाहायची असेल, हे कुणाच्या मनात येत नाही. म्हणून पौष्टिक पदार्थ नेताना अख्ख्या काकड्या आणि न निवडलेली कोथिंबीर तिच्या हाती देणे हा उपकार नव्हे, ते नवे काम आहे. चिरून, कालवून, आपल्याच भांड्यात, चमच्यासकट न्यावे आणि जाताना भांडे उचलून आणावे. जो पदार्थ चौघांच्या पोटाला बरा आणि एकीच्या पाठीला जड, त्याला मी चांगला म्हणणार नाही.

‘एक दिवस खाल्ले तर काय बिघडते?’ हा आक्षेप दिवाळीला किंवा लग्नाला लागू पडतो, आणि तिथे तो मला मान्यही आहे. आयपीएलला तो लागू पडत नाही. २०२२ पासून एका हंगामात ७४ सामने असतात. दोन महिने चालणाऱ्या गोष्टीला अपवाद म्हणता येत नाही. दुसरा आक्षेप अधिक खरा आहे: असा डबा नेणे म्हणजे मित्रांना उपदेश करणे, त्यांच्या आनंदावर विरजण घालणे. उपदेश केला तर ते होईलच. दुसऱ्याने आणलेल्या वड्यांकडे पाहून कॅलरी मोजणाऱ्याने घरीच थांबावे, कारण तो सगळ्यांचीच संध्याकाळ नासवतो. यजमानांनी प्रेमाने काही तळले असेल तर ते आनंदाने खावे. आपला डबा त्याच्या शेजारी ठेवावा, काही न बोलता. वड्याची जागा काढून घ्यायची नाही, त्याच्या बाजूला आणखी एक वाट मोकळी ठेवायची आहे.

तेव्हा पुढच्या मॅचला निघण्याआधी यजमानांना एक फोन करा. किती जण येणार आहेत, कुणाला काय चालत नाही, एवढे विचारा. ‘बाकी काही करू नका, आम्ही करून आणतो’ हे आवर्जून सांगा, आणि सांगितल्याप्रमाणे करून न्या.